देखण्या नराचे दात

समोर काचेच्या दारांचे नवे सलून निघाले तेव्हापासून दादांच्या जुन्या सलूनमधल्या खुर्च्या दुपारभर रिकाम्या राहू लागल्या, आणि रिकामे बसणे त्यांच्या पिंडातच नव्हते. गिऱ्हाईक नसले की ते आरसा पुसत. आरसा झाला की पुसायचे फडके धूत. फडके वाळत घालून दारात येत, रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहत आणि आत जाऊन तोच आरसा पुन्हा पुसत. गल्लीने त्यांचे नाव ‘भिंगरी’ ठेवले होते. तोंडावर मात्र सारे दादाच म्हणत.

ससे पाळायची कल्पना मुळात कुणाची, याविषयी घरात दोन मते होती. दादा म्हणत, बायकोला करमत नव्हते म्हणून आणले. बायको म्हणे, “मला न करमायला काय झालंय? यांच्याच हातांना चाळा हवा होता.” पिंजरे वरच्या घरात न ठेवता सलूनच्या मागच्या खोलीत ठेवले होते, हे पाहता बायकोचे म्हणणे अधिक खरे असावे.

ससे दोन होते. मादी काळी आणि तापट. नर राखाडी, लोंबत्या कानांचा आणि इतका देखणा, की दाढीला आलेला माणूस त्याला पाहायला आधी मागच्या खोलीत डोकावे. त्याला पाहूनच लोक पिल्ले मागू लागले आणि दादांनी पिल्ले काढायचे मनावर घेतले.

त्यापुढे त्यांनी घेतलेल्या खबरदारीत खोट काढणे अवघड होते. मादी पुरती वाढेपर्यंत त्यांनी दोघांना वेगळे ठेवले. तिला विण्यासाठी लाकडी पेटी केली आणि तीत घालायला वाळलेले गवत आणून ठेवले. भेटीच्या वेळी मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यायचे असते. उलट केले तर ती घुसखोराला ओरबाडून काढते, हेही त्यांनी विचारून घेतले होते. पिल्लू मागणाऱ्या प्रत्येकाचे घर ते स्वतः जाऊन पाहून आले. एकाला वाढदिवसाची भेट म्हणून पिल्लू हवे होते. त्याला त्यांनी खेळण्यांच्या दुकानाचा पत्ता दिला.

“मुलगी द्यायची असती तरी इतकी चौकशी केली नसती तुम्ही,” बायको म्हणाली.

“मुलगी निदान परत येऊन तक्रार करते,” दादा म्हणाले.

पहिला शब्द दिला होता निवृत्त पोस्टमनना. ते एकटे राहत. हात थरथरू लागल्यापासून दाढीसाठी दादांकडेच येत. पिल्लू कशाला हवे, असे विचारल्यावर म्हणाले होते, “घरात माझ्याखेरीज कुणीतरी हलताना दिसावं.”

एक गोष्ट मात्र दादांच्या मनात खबरदारीच्या खात्यात कधी गेलीच नाही. नराचे पुढचे दात वाढत. उभी हयात वाढलेले कापण्यात गेलेल्या माणसाला त्यात नवल वाटले नाही. केस वाढतात, नखे वाढतात, तसे दात. महिन्यातून एकदा ते त्याला टॉवेलात गुंडाळून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसत आणि नखे कापायच्या छोट्या कटरने दात सफाईने बरोबर करत. गिऱ्हाइके बघत उभी राहत आणि दादांचा हात किती हलका, यावर बोलत.

मादी भेटीजोगी झाल्यावर दादा दोघांना टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर तरुण बाई होत्या. मादी त्यांना पसंत पडली. नराचा ओठ उचलला आणि त्या थांबल्या.

“काका, हे दात कुणी कापले?”

“मीच,” दादा म्हणाले. त्यांच्या स्वरातला अभिमान लपण्यासारखा नव्हता.

“नेहमी कापता?”

“वाढले की.”

“कटरने दात उभा चिरतो. पुन्हा असं करू नका. आणि सशाचे दात वाढतातच, पण ते एकमेकांवर घासून आपोआप झिजतात. याचे वरचे आणि खालचे भेटतच नाहीत.”

“गवत कमी पडत असेल. वाढवून बघू?”

“वाढवा, चांगलंच आहे. पण पहिल्यांदा दात कापले तेव्हा हा केवढा होता?”

दादांनी उत्तर द्यायला हात पुढे केले आणि ओंजळ करून दाखवली. दाखवता दाखवताच त्यांना उमगले, की आपल्या बाजूने बोलण्यासारखे आता काही उरले नाही.

“म्हणजे उपजतच दिसतंय,” डॉक्टर म्हणाल्या. “हे रक्तातून उतरतं. सगळ्या पिल्लांना होईल असं नाही. एखाद्याला होईल, नाहीतर त्याच्या पिल्लांना होईल. पण कुणाला, हे आधी सांगता येत नाही. याच्यापासून पिल्लं काढू नयेत.”

घरी येताना दादांनी टोपली या हातातून त्या हातात किती वेळा घेतली त्याला गणती नाही. ठरल्याप्रमाणे भेट त्याच संध्याकाळी व्हायची होती. त्यांनी बायकोला सगळे सांगितले आणि सांगतानाही ते जिन्यावरून दोनदा खालीवर करून आले.

“बसा तरी,” बायको म्हणाली. “आणि मला सांगा, पिल्लं देताना तर चांगलीच दिसतील ना?”

“दिसतील.”

“मग? होईलच असंही नाही म्हणाल्या त्या. पोस्टमनभाऊजी रोज विचारतात हो. कोणत्या तोंडानं नाही म्हणणार?”

प्रश्न दादांनाही छळत होता. ते खाली गेले, मादीला उचलले आणि नराच्या पिंजऱ्याशी आले. नर जाळीला नाक लावून उभा राहिला. त्याच्या हनुवटीखालची लव ओली होती. ती रोजच ओली असे, आणि दाढीनंतर उरलेला फेस टिपावा तशी दादा ती रोज टिपत आले होते. पाणी प्यायला असेल, एवढाच त्यांचा तर्क. आज त्यांनी पाण्याच्या भांड्याकडे पाहिले. सकाळी भरलेले भांडे अजून काठोकाठ होते. ती ओल पाण्याची नव्हती, लाळेची होती.

मादीने त्यांच्या मनगटावर ओरखडा काढला. त्यांनी नराच्या पिंजऱ्याच्या कडीला हात लावला, काढला, पुन्हा लावला. मग मादीला तिच्या पिंजऱ्यात परत ठेवून ते दारात जाऊन उभे राहिले आणि तिथेही त्यांना उभे राहवेना.

दुसऱ्या दिवशी पोस्टमन खुर्चीत बसले. दादांनी फेस लावला, वस्तरा गळ्याशी नेला आणि तेवढ्यात बोलून टाकले. त्या अवस्थेत माणसाला उलटून बोलता येत नाही, हा हिशेब त्यात नव्हताच असे म्हणवत नाही.

“पिल्लू मिळणार नाही. नराचे दात उपजत वाकडे आहेत. ते पिल्लांत उतरेल.”

दादांनी एक गाल पुरा केला. वस्तरा दूर जाताच पोस्टमन म्हणाले, “उतरलं तर उतरलं. तुझ्याकडे आणला असता कापायला. मी येतोच की.”

“कापायचे नसतातच ते. चिरतात. आणि मी दुकान बंद करून बसलो तर?”

“तू? बसणार?”

दादा हसले नाहीत. “बाकीच्यांचं काय? त्यांनी कुठं जायचं? सशाला खाता आलं नाही तर तो ओरडत नाही हो. गप्प बसतो, आणि आपण म्हणतो शहाणा आहे.”

“मग आता?”

“नराचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन करून घेणार, म्हणजे दोघं एकत्र राहतील. मादीसाठी दुसरा नर मिळाला तर त्याचं तोंड आधी डॉक्टरांना दाखवणार. त्याच्या आईबापांचंही, सापडले तर.”

“म्हणजे कधी?”

“माहीत नाही. मिळेलच, असंही सांगत नाही.”

पोस्टमन गळ्याभोवतीच्या टॉवेलासकट उठले आणि एका गालावर फेस तसाच ठेवून मागच्या खोलीत गेले. दादा वस्तरा घेऊन मागोमाग. पोस्टमननी गुडघे टेकून जाळीतून पाहिले. नर जवळ आला आणि नाक हलवू लागला.

“मला तर काही दिसत नाही,” ते म्हणाले.

“मलाही दिसलं नव्हतं.”

पोस्टमननी थरथरते बोट जाळीतून आत घातले आणि त्या ओल्या लवेला लावले. मग ते बोट त्यांनी उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिले.

“चला, फेस वाळतोय,” दादा म्हणाले.

“वाळू दे,” पोस्टमन म्हणाले आणि तिथेच बसून राहिले.