वैशाखात पाहिलेलं घर

माझ्या मैत्रिणी म्हणतात, "कुंदा, तुझ्याकडे घराचे किस्से फार." मी ते जमवलेले नाहीत. ज्या ओसरीवर रोज संध्याकाळी तीन वडीलधारी माणसं पान खात बसतात आणि तिघांपैकी एकही जण कधी कुणाला काही विचारत नाही, त्या ओसरीवर किस्से आपोआप साचतात.

ते तिघे म्हणजे माझे बाबा, त्यांचे थोरले भाऊ मोठेबाबा आणि शेजारचे रिटायर्ड हेडमास्तर नानाजी. आम्ही मोहाडीत भाड्याच्या घरात राहत होतो. आणीबाणी नुकतीच उठली होती. मी बी.ए. होऊन घरी बसले होते. आणीबाणी देशातून उठली, आमच्या ओसरीवरून नाही. मला ऐकायची मुभा होती, बोलायची नव्हती.

०

सुरुवात नानाजींनी केली. यात्रेच्या बसनं ते पुरीला गेले आणि जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहून आले. येताना औषधाच्या बाटलीत समुद्राचं पाणी भरून आणलं. पुढचे आठ दिवस ओसरीवर दुसरा विषय नाही.

"पाण्याच्या काठी घर पाहिजे, बाबू. माणसाचं आयुष्य वाढते."

मी आतून विचारलं, "भंडारा जिल्ह्यात समुद्र कुठून आणता?"

"तलाव काय कमी हायेत का आपल्याकडे?" मोठेबाबा म्हणाले.

बाबा दोन वर्षांनी रिटायर होणार होते. त्यांनी बाटलीचं बूच काढलं, डोळे मिटून पाण्याचा वास घेतला, आणि आमचं घर घ्यायचं ठरलं. नाकानं ठरलं.

घर घ्यायचं ते आईची बांधी विकून. बांधी म्हणजे धानाच्या शेतीचा एक तुकडा, आजोबांनी लग्नात तिला दिलेला. दर पावसाळ्यात आई स्वतः चिखलात उतरून रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करायची. वर्षभरात तेवढ्याच दिवसांत मी तिला गाणं म्हणताना ऐकलं आहे. तिला कुणी विचारलं? मोठेबाबा म्हणाले, "बांधी म्हणजे काय, चिखल. घर म्हणजे घर असते."

०

तिघांनी ओसरीवर बसून ठरवलेल्या तलावावर विकाऊ घरं दोन होती. एक वर, टेकाडावर. त्याला लागून मेश्राम गुरुजींचं घर. गुरुजींच्या वडिलांनी छप्पन सालीच बौद्ध धम्म घेतलेला. गुरुजींनी स्वतः किल्ली आणून घर उघडून दाखवलं. विहिरीत वैशाखातही पाणी, पाया दगडी. त्यांच्या बायकोनं तांब्या आणि पेले आणले. मी दोन पेले प्यायले. आमच्या तिघा थोरांना तहानच नव्हती.

उतारावर आल्यावर मोठेबाबा म्हणाले, "घर चांगलं आहे. पण शेजार पाहा ना."

नानाजी म्हणाले, "आपल्यात बसत नाही ते." या माणसानं तीस वर्षं शाळेत समतेचा धडा शिकवला होता.

"कशात बसत नाही, नानाजी?"

"कुंदे, चूप," बाबा म्हणाले.

टेकाडावरचं घर असं बाद झालं. पान थुंकायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

०

मग खालचं घर. मालक नागपूरला राहायचा. त्याच्या वडिलांनी हे घर पाऊस न पडलेल्या एका साली बांधलं होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. कारण विचारलंच नव्हतं.

वैशाखातली दुपार. तलाव आटून मधोमध ताटाएवढा उरलेला. पाहणी सुरू झाली. मोठेबाबांनी दाराचं तोंड पूर्वेला आहे का ते पाहिलं. आहे. बाबांनी विजेचा खांब किती दूर ते पावलांनी मोजलं. नानाजी पायरीवर बसून धोतराचा सोगा हलतो का ते पाहत होते. "वारा पाहा, वारा! एकदम पुरी."

मी खिडकी पाहत होते. खिडकीच्या गजाला दोर बांधला होता आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला डोंगा होता. झाडाचं खोड कोरून केलेला, मासे धरायचा डोंगा. पाणी अर्ध्या मैलावर आणि नाव अंगणात.

"बाबा, डोंगा घराला काहून बांधला असेल?"

उत्तर मोठेबाबांनी दिलं. "दुरुस्तीले आणला असन कोणी. तुले प्रत्येक गोष्टीत काहूनच दिसते."

०

आत चारही भिंतींवर कमरेइतक्या उंचीवर एक मातकट पट्टी होती. सरळ, सलग, सगळ्या खोल्यांत एकाच पातळीवर.

मी म्हटलं, "ही पाण्याची खूण आहे."

मोठेबाबांनी पट्टीवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं. "गेरूची पट्टी आहे. पहिले असाच रंग द्यायची पद्धत होती. खाली रंग, वर चुना."

"दाराच्या लाकडी फळ्यांवरूनही गेरू गेला?"

"एवढी शिकली, पण घर कसं पाहावं ते नाही समजत इले," ते बाबांना म्हणाले. बाबा हसले. त्या हसण्याचा राग मला अजून येतो, पट्टीपेक्षा जास्त.

०

निघताना तानाबाई भेटली. ती ढीवरीण, डोंगा तिच्याच नवऱ्याचा. डोक्यावर मासोळ्यांची टोपली. तिनं आमच्याकडे पाहिलं, घराकडे पाहिलं.

"घर घेऊन राहिले का, बाबूजी? आत्ता काय पाहता. सावनात पाहाले या."

बाबा थांबले. खरंच थांबले. मला वाटलं, सुटलो.

पण मोठेबाबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "चातुर्मासात घर पाहतात का कोणी? देव झोपलेले असतात."

आमच्याकडे ही रीत पक्की. आषाढी एकादशीपासून दिवाळी होईपर्यंत घर पाहायचं नाही, घ्यायचं नाही, बोलणीही नाही. म्हणजे तलावाकाठी आजवर ज्यानं ज्यानं घर घेतलं, त्यानं ते कोरडंच पाहिलं. एवढं साधं गणित तीन पिकल्या डोक्यांना जमलं नाही. देव झोपत असतील. तलाव झोपत नाही.

टोपलीतल्या मासोळ्या मात्र त्यांनी घासाघीस करून घेतल्या. तानाबाईचं तेवढंच ऐकलं.

०

बांधी विकली. घेणारा आईचाच चुलतभाऊ होता. आम्ही एकादशीच्या आधी घाईघाईनं वास्तुशांत केली आणि राहायला आलो. श्रावणात तलाव अंगणाच्या कुंपणाशी आला. बाबा खुर्ची टाकून पाहत बसायचे.

भादव्यात एका सकाळी आई चूल पेटवायला गेली तर चुलीत बेडूक. दुपारपर्यंत पाणी ओसरीवर, आणि मग हळूहळू, घाई न करता, भिंतीवरच्या पट्टीपर्यंत. गेरूची पट्टी!

तानाबाईच्या नवऱ्यानं खिडकीच्या गजाचा दोर सोडला. डोंग्यात आधी आईला बसवलं, मग धानाचं पोतं, मग मला. बाबा शेवटच्या फेरीत आले, मांडीवर रेडिओ घेऊन.

आम्ही गेलो कुठे? टेकाडावर, मेश्राम गुरुजींकडे. बारा दिवस राहिलो. गुरुजींच्या बायकोनं एका शब्दानं काही बोलून दाखवलं नाही. तिनं बोलायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी मोठेबाबा आणि नानाजी मोहाडीहून विचारपूस करायला आले. गुरुजींच्याच ओसरीवर बसले, कारण दुसरं कोरडं काही नव्हतं. मोठेबाबांनी चहा घेतला, दुसरा कपही मागितला. "साखर थोडी कमी टाका बाई, मले चालत नाही जास्त."

नानाजी खाली पाहत होते. वरून आमच्या छपराचे कवेलू दिसत होते, भोवती पाणीच पाणी.

"अगदी पुरीसारखं दिसून राहिलं हो," नानाजी म्हणाले.

मी उठून आत गेले. नाहीतर माझ्या हातातला कप त्यांच्या दिशेनं गेला असता.

०

आता शेवटचा किस्सा.

पुढच्या वैशाखात मोठेबाबांनी घराला चुना लावून घेतला, दोन हात. पट्टी गेली. आईचा चुलतभाऊ भला माणूस. त्यानं निरोप पाठवला होता, "पेरणीच्या आत घर विकून माझे पैसे परत द्या, बांधी बाईच्या नावानं करून देतो. एकदा धान पेरलं की मग नाही."

लाखांदूरकडचे एक पोस्टमास्तर घर पाहायला आले. सोबत बायको आणि माझ्याच वयाची मुलगी. मोठेबाबांनी मला स्वयंपाकघरात गाठलं. "तुझ्या आईची बांधी आहे, कुंदे. आज तोंड नको उघडू."

आणि मी उघडलं नाही. वर्षभर ज्यांना घालून पाडून बोलले, त्यांचं ऐकून खाली मान घालून पोहे परतत राहिले. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. मोठेबाबांनी दाराची दिशा दाखवली. नानाजींनी वारा दाखवला. पोस्टमास्तर म्हणाले, "आवडलं आपल्याले. बोलणी करून टाकू."

तेवढ्यात मुलीचा आवाज आला. "हा डोंगा खिडकीले काहून बांधला?"

"दुरुस्तीले आणला असन कोणी," मोठेबाबा म्हणाले.

आई चहाचा ट्रे घेऊन बाहेर निघाली होती. पंचवीस वर्षांच्या संसारात पुरुषांच्या बैठकीत तिनं "साखर पुरे का" याच्यापलीकडे एक शब्द काढलेला नव्हता. मी झारा हातात घेऊनच दारात आले. आईनं ट्रे स्टुलावर ठेवला. पोस्टमास्तरांकडे पाहिलं नाही, बाबांकडे नाही, मोठेबाबांकडे तर नाहीच. त्या मुलीसमोर जाऊन उभी राहिली.

"आत्ता काय पाहतं, पोरी," आई म्हणाली. "सावनात पाहाले ये."