तिचे एकतीस

आमच्या घरात आणि गावात एक गोष्ट आता ठरून गेली आहे. शहाद्याच्या गणितकोड्यांच्या स्पर्धेत माझी नात गांगरली आणि सर्वांत सोपे कोडे चुकली. मुलगा म्हणतो, माझ्या धाकाने. सून म्हणते, आजीला जाऊन महिनाही झाला नव्हता, पोरीचे मन थाऱ्यावर नव्हते. परीक्षक म्हणतात, निष्काळजीपणा. तिघांचेही म्हणणे मला अमान्य आहे. प्रकाशा गावातल्या शाळेत मी उभा जन्म गणित शिकवले; गांगरलेल्या मुलाचे उत्तर कसे दिसते, हे मला कुणी सांगू नये. गांगरलेले मूल खाडाखोड करते. तिच्या उत्तरात एकही खोड नव्हती.

कोडे असे होते. एक शेतकरी धान्याची रास पायलीने मोजतो. दर पाच पायल्या मोजून झाल्या, की भिंतीवर एक रेघ ओढतो. सहावी रेघ ओढली आणि रास संपली. तर रास किती पायल्यांची? तिसरीतले पोरही तीस म्हणेल. माझी नात सहावीत. घड्याळाचे काटे, नदीपलीकडे जाणारी नाव, तराजूने शोधायचे खोटे नाणे, ही त्याच कागदावरची अवघड कोडी तिने बिनचूक सोडवली होती. या कोड्याला मात्र तिने एकतीस लिहिले, आणि तेवढ्यावर जिल्ह्याची फेरी हुकली.

ज्यांनी माझ्या पत्नीला रास मोजताना पाहिले नाही, त्यांना हे एकतीस कळणार नाही. आमच्याकडे पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, आणि पुढे दोन मोजतात. तिच्या माहेरची रीत त्याहून निराळी होती. ती पहिली पायली लाभ म्हणून बाजूला काढी, दाराशी प्रथम जो कुणी येईल त्याला देई, आणि त्यानंतरच एकपासून मोजायला लागे. विकायचे धान्य काट्यावर जाई; पण घरात वर्षभर खायची दादर ज्वारी तिच्याच हाताने, पायलीनेच मोजून कोठीत पडे. शेजारी नात कोळसा घेऊन रेघा ओढायला बसे. त्या रेघा अजून भिंतीवर आहेत. ती असताना, तिच्या शेवटच्या दिवाळीतही, ती भिंत मी रंगवू दिली नव्हती.

या मोजण्यावरून आम्ही दोघे दरवर्षी भांडत असू. मी म्हणे, "अगं, रास जेवढी आहे तेवढी मोज. तुझा हिशेब कायम एकाने कमी येतो."

ती हात न थांबवता म्हणे, "देवना वाटा कोनी मोजस का? तुमनं गनित शाळामा ठेवा, मन्ही रासले लावू नका." आणि नात तोंडावर हात ठेवून हसे.

तर स्पर्धेत माझ्या नातीने काय केले, ते आता सांगतो. तिने ती रास डोळ्यांसमोर आणली. भिंतीवर रेघा तिसाच्या, आणि दाराशी ठेवलेली एक पायली रेघांबाहेरची. तीस आणि एक. याला चूक म्हणणाऱ्याने आधी रास पाहिलेली असावी.

निकालानंतर मी परीक्षकांना गाठले. त्यांतला मुख्य माझाच विद्यार्थी. त्याने नमस्कार केला आणि म्हणाला, "गुरुजी, उत्तरसूचीत देव कुठून आणू? कोड्यात दिलंय तेवढंच धरायचं, हे तुम्हीच शिकवलंत."

"मग शेतकरी कशाला आणलास?" मी म्हणालो. "गोट्या मोजायला द्यायच्या होत्यास."

तो हसला. आजूबाजूचे पालकही हसले. घरी आल्यावर मुलगा म्हणाला, "आप्पा, तुमना धाकमुये पोर गांगरी गयी. आते तरी तिले सोडा." मी त्यालाही सोडले नाही. त्या दिवशी मी सगळ्यांशी भांडलो आणि सगळ्यांना निरुत्तर केले, असे मी आजही म्हणेन.

पण परतीच्या एसटीत खिडकीशी बसलेल्या नातीने मला विचारले होते, "आबा, मोठी माय चुके का?" आजीला ती मोठी माय म्हणे.

"नही," मी म्हणालो.

"मंग मन्हं चुकनं का?"

"नही."

"मंग कागद चुकना?"

कागद चुकला नव्हता. खोटे सांगणे माझ्याच्याने होईना, आणि खरे सांगितले तर तिची आजी चुकीची ठरत होती. मी बाहेर उसाकडे पाहत राहिलो. तिने पुन्हा विचारले नाही. त्यानंतर तिने माझ्याकडे कधी कोडेही मागितले नाही. संध्याकाळी ओट्यावर मी एखादे टाकून पाहतो, "तीन भाऊ, एक विहीर," असे काहीतरी. ती म्हणते, "आबा, गृहपाठ शे," आणि आत जाते.

फाल्गुनात दादर घरी आली. मोजायला माणूस उरले नव्हते, म्हणून पायली मीच घेतली. पत्नीच्या हाताने घासून घासून पायलीची कड गुळगुळीत झाली होती. नात कोळसा घेऊन भिंतीशी बसली. मी पहिली पायली भरली, सपाट केली आणि बाजूला ठेवायला वळलो. "लाभ" म्हणायचे होते.

"एक," नात म्हणाली.

मी थांबलो.

"आबा, परीक्षामा आसंच मोजतस ना?"

तिच्या स्वरात राग नव्हता, टोमणा नव्हता. ती शहाण्या मुलीसारखी बरोबर मोजत होती. माझ्या पत्नीने हे "एक" उच्चारावे म्हणून मी संसारभर भांडलो होतो.

मी ती पायली कोठीत ओतली. पाच झाल्यावर नातीने पहिली रेघ ओढली. शेवटी हिशेब जुळला. बाहेर काहीच उरले नाही. त्या दुपारी दाराशी कुणी आले असते, तर त्याला द्यायला आमच्याकडे काही नव्हते.