चिंचेखालच्या बाईवर रोखलेलं बोट

कॉलेजात असताना आमच्या सरांनी एक नाटक लिहिलं होतं. गावात गुरं मरायला लागतात आणि एक पोरगी अंगात देवी आल्याचं सोंग करून एकेका बाईला चेटकीण ठरवत जाते. ती पोरगी मी. हिला फार शिकवावं लागणार नाही, असं सर म्हणाले आणि सगळे खिदळले. राग आला, पण म्हणून भूमिका कोण सोडतंय!

मला एकाच गोष्टीचा छडा लावायचा होता. ही बया खोटं बोलते कशाला? त्यातून तिला ना जमीन मिळते, ना नवरा. विचारून विचारून मी सरांना वात आणला. शेवटी ते म्हणाले, करून बघ, कळेल.

भोरच्या प्रयोगात काही कळलं नाही. मग टेम्पोत बसून आम्ही हिर्डोशीला गेलो. शाळेचं पटांगण, भर दुपार. सरांनी बजावलं होतं, बोट रोखायचं ते लोकांच्या डोक्यांवरून, पार मागं, जिथं कुणी बसलेलं नसेल. मी केस सोडले, घुमले आणि झोकात बोट रोखलं. मागं चिंचेखाली एक बाई एकटीच बसली होती.

सगळं गाव वळून तिच्याकडं बघायला लागलं. मला वाटलं, आता हसतील. कुणी हसलं नाही. कुणाला नवलही वाटलं नाही.

नाटक संपेस्तोवर चारपाच बायका घरी जाऊन हळदकुंकू, नारळ, खण घेऊन आल्या होत्या. थोरली माझ्या पायाच पडली. "आई, तुला कसं कळलं? आमचा बी तिच्यावरच वहीम व्हता."

अहो मावशी, हे पाठ केलेलं आहे, ही बघा वही, असं मी परोपरीनं सांगितलं. वही कुणी बघितली नाही. देवी वहीतनं बी बोलती, असं एकीनं दुसरीला समजावलं. त्यांच्याच बोलण्यातून कळलं की ती चिंचेखालची बाई विधवा. नवरा गेल्यापासून कुणाचं वासरू मेलं तरी नाव हिचंच निघायचं. आता तर देवीनंच शिक्का मारला होता. देवीनं म्हणजे मी! ती बाई झाडाला पाठ लावून उभी होती. तिची वाट या बायकांमधूनच जात होती.

मग सुचलं ते केलं. पुन्हा केस सोडले, पुन्हा घुमले आणि दरडावलं, "माझी ओटी तिच्या पदरात घाला. तिला बोट लावाल तर याद राखा."

विधवेची ओटी! बायका जागीच थबकल्या. मी घुमतच राहिले. शेवटी थोरली निघाली, तिच्यामागं बाकीच्या, आणि नारळ त्या बाईच्या पदरात पडला. खरं सांगते, त्या वेळी मला इतकं भारी वाटलं की आठवलं तरी लाज वाटते. ती पोरगी खोटं का बोलते, ते मला तिथं कळलं.

आम्ही टेम्पोत चढत होतो तेव्हा ती बाई आली. नारळ अजून पदरातच होता. माझ्या अंगात काही आलं नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं हळूच विचारलं, "परत कधी यायची तू?"

आमचा तिथं तेवढा एकच प्रयोग होता.