वरच्याचा जिना

वरच्याला कुठलाही प्रश्न विचारा, तो आधी 'नाही' म्हणायचा आणि प्रश्न नंतर ऐकायचा. चहा घेणार? नाही. बाहेर थंडी आहे का रे? नाही, आणि हे सांगताना त्याच्या भुवयांवर बर्फ असायचा. मग क्षणभर थांबून, प्रश्न आत्ता कुठे पोचला अशा चेहऱ्याने तो खुर्ची ओढायचा आणि दोन कप चहा पिऊन जायचा. आमची ही म्हणायची, "हा बोहल्यावर उभा राहिला तर भटजींची काही खैर नाही."

'वरचा' हे आम्ही घरात ठेवलेलं नाव. ग्लासगोतली ती लाल दगडाची जुनी इमारत. तळमजल्यावर मिसेस मॅक नावाच्या विधवा बाई, मधे आम्ही, आमच्या डोक्यावर तो. त्याचं खरं नाव लांबलचक होतं आणि शेवटी 'स' होता. त्याच्या देशात, म्हणजे लाटव्हियात, म्हणे पुरुषाच्या नावाला शेवटी 'स' लावतातच. त्यामुळे पहिल्या आठवड्यात त्याने माझं बारसं करून टाकलं: श्रीकांतस. सदाशिव पेठेत जन्म काढलेल्या माणसाला एका अक्षरात लाटव्हियन करणारा तो पहिला आणि शेवटचा.

तो फुटबॉल खेळायचा, पोटासाठी आणि देशासाठीही. ग्लासगोत दोन मोठे क्लब आहेत, ज्यांच्यापायी सख्खे भाऊ एकमेकांशी बोलणं टाकतात. वरचा त्या दोन्हींत नव्हता. तो गावाबाहेरच्या एका छोट्या क्लबात होता, जिथे प्रेक्षकांपेक्षा सीगल पक्षी जास्त येत. तो बचावफळीत. किती गोल केलेस, असं मी भाबडेपणाने विचारलं तेव्हा म्हणाला, "गोल करणारे वेगळे. मी दुसऱ्यांचा आनंद बिघडवतो." त्याच्याखेरीज आपल्या कामाची इतकी नेमकी व्याख्या मी आजवर कुणाकडून ऐकलेली नाही, आणि आयुष्यभर सॉफ्टवेअर टेस्टिंग करूनही मला ती सुचली नव्हती.

खाण्याच्या बाबतीतही नकार ठरलेला. हिने एकदा लसणाची सुकी चटणी पुढे केली. नाही. मग वास आला. तो तडक वर गेला आणि राय या धान्याच्या काळ्या पावाचे तळलेले तुकडे घेऊन आला. चटणी त्यावर पसरून त्याने डोळे मिटून खाल्ली. तळलेला काळा पाव आणि लसूण हा त्याच्याकडचा पदार्थ निघाला. "हे आमचं आहे," तो हिला म्हणाला. "तुम्ही चोरलंत. पण चोरी सुधारून केलीत." त्यानंतर पुण्याहून कुणी आलं की चटणीचा एक डबा वरच्याच्या नावाने येऊ लागला.

आता जिना. ग्लासगोच्या त्या इमारतींत सामाईक जिना रहिवाशांनी दर आठवड्याला आळीपाळीने धुवायचा असतो. ज्याचा आठवडा, त्याच्या दाराला एक पुठ्ठ्याची पाटी लटकते. आमच्या पाटीवर मिसेस मॅकच्या अक्षरात लिहिलं होतं: 'या आठवड्यात जिना तुमचा.' जिना वरून खाली धुवायचा, कोपऱ्यात बोट फिरवून बाई परीक्षा घेणार, आणि वाळेपर्यंत कुणी पाय टाकायचा नाही. मी पंचा गुंडाळून, बादलीसमोर भैरवी आळवत, साग्रसंगीत जिना धुवायचो आणि नापास व्हायचो. वरचा फक्त धुवायचा. शनिवारच्या मॅचमध्ये गुडघा टम्म सुजला तरी रविवारी सकाळी त्याची बादली वाजायची.

गुडघा हीच अडचण होती. वय बत्तिशीचं, क्लबशी करार त्या उन्हाळ्यात संपणार. देशाच्या मॅचला गेला की तो लंगडत परत यायचा. शेवटी क्लबच्या मॅनेजरने, म्हणजे संघ निवडणाऱ्या त्यांच्या मुख्य कोचने, एक रविवार गाठून स्वतः घरी यायचं ठरवलं. बिचाऱ्याला पाटी कुणाच्या दारावर आहे हे ठाऊक नव्हतं.

तो आला तेव्हा वरचा आमच्या मजल्यापर्यंत धुवत उतरला होता आणि खालच्या पायऱ्यांवर नुकतंच पाणी ओतलं होतं. मॅनेजरने पॉलिश केलेला बूट पहिल्या पायरीवर उचलला, आणि तो बूट हवेतच राहिला. माणूस अस्सल ग्लासगोचा, अशाच जिन्यावर वाढलेला. ओल्या पायरीवर बूट पडला की आई काय करते, हे त्याच्या हाडांत मुरलं होतं. त्याने पाय मागे घेतला. मिसेस मॅकने दार किलकिलं करून फक्त "वाळू दे" एवढंच सांगितलं.

त्यामुळे जी बोलणी बंद खोलीत व्हायची ती जिन्यात झाली. मॅनेजर खाली टाचा उंचावून, वरचा आमच्या दारासमोर हातात मॉप घेऊन, आणि मी दाराआड, बाल्कनीचं तिकीट काढल्यासारखा. मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्याने सरळ सांगितलं, दोन वर्षांचा नवा करार तयार आहे. अट एकच, देशाकडून खेळणं थांबव.

"नाही," वरचा म्हणाला.

आधी नीट ऐकून घे, मॅनेजरने विनवलं. वरच्याने मॉप भिंतीला टेकवला. "मला इथे आणलंत तेव्हा कामाचा परवाना लागत होता," तो म्हणाला. "देशाकडून खेळणाऱ्यालाच मिळायचा. तेव्हा तुम्ही मला स्वतः गाडीने विमानतळावर सोडायचात. आता आमचा देश युरोपीय संघात आला, परवाना लागत नाही. म्हणून ती जर्सी टाकू?"

मॅनेजरचा आवाज जरा चढला. "पुढची मॅच कुणाशी आहे माहीत आहे ना? हरणार आहात तुम्ही."

"हो," वरचा म्हणाला.

इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून पहिला शब्द 'हो' निघालेला मी तेव्हाच ऐकला. मॅनेजरही गोंधळला.

"मग कशाला जातोस?"

"हरायलाही अकरा माणसं लागतात."

एवढं बोलून त्याने मॉप पिळला आणि पुढची पायरी घेतली. मी टाळ्या वाजवणार होतो. हिने माझे दोन्ही हात धरले. मॅनेजर निघून गेला, आणि जाताना त्याने पायपुसण्यावर बूट पुसले.

त्या संध्याकाळी चटणी-पाव खाताना मी वरच्याला म्हटलं, अरे, दोन वर्षांचा पगार होता तो. त्याने अजून एक तुकडा उचलला. मग म्हणाला की लहानपणी तो गल्लीत ज्या संघाकडून खेळायचा तो संघ जगात नव्हता, कारण शेजारच्या बड्या देशाने गिळलेला त्याचा देशच नकाशावर नव्हता. शाळेत त्या देशाच्या झेंड्याचा रंग चित्रात भरला तर बाई चित्र फाडायच्या. "आता आहे," तो म्हणाला, "आणि मी गुडघा दुखतो म्हणून घरी बसू?"

मॅच आम्ही स्टेशनजवळच्या पबमध्ये पाहिली. मिसेस मॅक टोपी घालून आल्या होत्या, जशा चर्चला जात. वरच्याचा देश हरला, आणि दणकून हरला. निकाल ठरून गेल्यावर, शेवटच्या मिनिटांत, समोरचा एक तरणाताठा खेळाडू चेंडू घेऊन एकटाच सुटला. त्या गोलाने काहीही बदलणार नव्हतं. बाकीचे चालत होते. वरचा मात्र मैदानाच्या मध्यापासून धावत सुटला, लंगडत आणि दात खात, आणि गोलरेषेवर अंग झोकून त्याने तो चेंडू बाहेर काढला. मग तिथेच पडून राहिला.

पबमधला एकजण हसत म्हणाला, "आता कशाला धावतोय हा?"

मिसेस मॅकने वळूनही पाहिलं नाही. "कारण जिना त्याचा आहे," त्या म्हणाल्या.

तो गुडघा त्यानंतर पुरता बरा झाला नाही. बाकीचा मोसम त्याने बाकावर बसून काढला आणि उन्हाळ्यात क्लबने त्याला निरोप दिला. तक्रार करताना मी त्याला ऐकलं नाही. उलट, समुद्राकाठच्या आपल्या गावात परत जाऊन तिथल्या क्लबकडून खेळणार असं त्याने जाहीर केलं. गुडघ्याचं काय, असं विचारल्यावर म्हणाला, "तो पण येणार आहे."

निघायच्या दिवशी पाटी त्याच्याच दारावर होती. टॅक्सी दोन तासांवर, सामान खाली नेऊन ठेवलेलं, आणि हा प्रत्येक पायरीवर बसत, घासत, पुसत उतरतोय. मला राहवलं नाही. म्हटलं, राहू दे रे, मी करतो. तो थांबला, माझ्याकडे नीट पाहिलं, प्रश्न पूर्ण ऐकला आणि मग म्हणाला, "नाही."

खाली मिसेस मॅक उभ्या होत्या. त्यांनी वाकून कोपऱ्यात बोट फिरवलं, उजेडाकडे धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे." त्या जिन्यात यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक कुणाला मिळालेलं मला ठाऊक नाही. हिने चटणीचा डबा त्याच्या कोटाच्या खिशात कोंबला. त्याने ती पाटी माझ्या हातात ठेवली. "श्रीकांतस," तो म्हणाला, "आता जिना तुझा." टॅक्सी वळली, आणि आम्ही तिघं खालीच उभे राहिलो. जिना ओला होता, वर जायची सोय नव्हती.

आता ग्लासगो सुटलं, आम्ही दक्षिणेला स्टॅनमोरला राहतो. घरातल्या जिन्याला गालिचा आहे. इथल्या आमच्या मराठी मंडळाचा चाळिशीपुढच्यांचा एक क्रिकेट संघ आहे, आणि तो दर वर्षी हरतो. माणसं गळायला लागली, संघ बंद करू या असा ठराव आला, तेव्हा मी उभा राहून 'नाही' म्हणालो. ठराव वाचून झाला नव्हता.

गेल्या रविवारीही आम्ही हरलोच. शेवटच्या षटकात चेंडू माझ्या बाजूने सीमारेषेकडे निघाला. सामना केव्हाच गेला होता. मी गुडघ्याला पट्टा बांधून त्याच्यामागे धावत होतो आणि ही बाहेरून ओरडत होती, "अहो, आता कशाला धावताय?"

चेंडू रेषेच्या अलीकडे एक वीत होता, आणि मी अंग झोकून दिलं.