वस्तरा नको म्हणून

माझ्या मुलीच्या डोक्यात खवडे झाले तेव्हा ती सात वर्षांची होती. पनवेलच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोकं तुळतुळीत करा आणि महिनोन्महिने मलम चोळा. मी ठणकावून नाही म्हटलं. एकदा जावळ निघालं की मुलीच्या डोक्याला वस्तरा लागता कामा नये, हे आमच्याकडे ठरलेलंच. वस्तरा फिरायचा तो विधवेच्या डोक्यावर, आणि माझी आत्या तशी बसलेली मी लहानपणापासून पाहिली होती.

मग कुणीतरी मुंबईतल्या एक्स-रेच्या उपचाराबद्दल सांगितलं. ठाण्यापर्यंत मोटार, पुढे आगगाडी. पोरीला यंत्राखाली बसवलं, काही दुखलं नाही. थोड्याच दिवसांत केस आपोआप झडले आणि नंतर दाट उगवले. मी इतकी फुशारले, की आळीभर सांगत सुटले.

पुढे शेजारच्या मिठागरवाल्यांच्या मुलीलाही तेच झालं. तिच्या आईला वस्तऱ्याचं काही वाटत नव्हतं. "केसांचा काय, परत येतील," म्हणत तिनं न्हाव्याला बोलावलंही होतं. मीच आडवी आले. "पोरीच्या जातीला हे शोभतं का?" असं सुनावून मायलेकींना मीच मुंबईला घेऊन गेले.

वीसेक वर्षांनी माझ्या मुलीच्या डोक्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी विचारलं, "लहानपणी डोक्याला एक्स-रे दिले होते का?" मी हो म्हटलं. त्यामुळेच झालं असं छातीठोक सांगता येत नाही, पण संशय येतो, अशा गाठी फार उशिराही येतात, असं ते म्हणाले. ऑपरेशन झालं, मुलगी वाचली. एका डोळ्याची नजर मात्र गेली. ती मला एका शब्दानं बोलली नाही. मीच मला रोज शिव्या घालत होते. त्याहून जास्त धास्ती होती ती शेजारणीला तोंड दाखवायची.

शेवटी गेले. ती ओटीवर करंदी सोलत बसली होती. मी सगळं सांगून टाकलं. होईलच असं नाही, पण डोकं दुखत राहिलं, नजर अंधुक झाली तर थांबू नका, एकदा दाखवूनच घ्या. आता ही मला फाडून खाईल, असं वाटलं. मनातून मला तेच हवं होतं.

तिनं हात पदराला पुसले.

"पोर कोन गावाला सासरी हाय, पोटुशी हाय," ती म्हणाली. "तिला आताच सांगू, का बालंतपन होऊ दे? वहिनी, तुमी सांगाल तसं करीन."