मांजरपाट पांघरलेली होडी

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो आणि अक्कल पहिलीतली होती. दोन हजार सालानंतरची गोष्ट. बाहेरच्या एका कॉलेजनं शिडाच्या होड्यांची शर्यत ठेवली होती. अट एकच, होडीत प्लास्टिक नको, फायबर नको. मोडली तर मातीत मिसळली पाहिजे. आम्ही पाच जणांनी टीम काढली. समुद्र एकानंही पाहिला नव्हता. वर्ध्याच्या सायबर कॅफेतून काढलेली चार पानं आणि उसनं अवसान, एवढ्यावर होडीचा नकाशा झाला. बुरडानं बांबूचा सांगाडा बांधून दिला. त्यावर आम्ही मांजरपाट ताणला आणि जवसाच्या तेलात राळ वितळवून तिचे थर दिले.

चाचणी माझ्या गावाजवळच्या धरणावर. टेम्पो वर्ध्याहून आंजीमार्गे गावाच्या वेशीपर्यंत आला, पुढचा रस्ता खोदलेला. मग चौघांनी होडी खांद्यावर घेतली. धूळ बसू नये म्हणून शिडाचा कोरा पांढरा मांजरपाट तिच्यावर पांघरून सुतळीनं बांधला होता. दोन सांधे धरणाच्या काठावर पोचून बंद करायचे राहिले होते आणि राळ गरमच लागते, म्हणून गोवऱ्यांचा विस्तव घातलेलं मडकं दोरीनं धरून मी पुढे चाललो. आता हे वाचून कोणीही कपाळावर हात मारेल. तेव्हा पाचातल्या एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. आम्ही वजनाचं बोलत होतो.

भर दुपार. आम्ही जवळ येताच पानठेल्यावरचा रेडिओ बंद झाला. बाकावरची माणसं उठून उभी राहिली, एकानं टोपी काढली. मला वाटलं, गावाला आपलं कौतुक आहे. छाती फुगली माझी. घरावरून गेलो तेव्हा बाबा खिडकीत बसले होते. रिटायर मास्तर, लकव्यानं डावी बाजू गेलेली, सकाळी सांगितलेलं संध्याकाळी लक्षात राहत नसे. होडीचं मी तीनदा सांगितलं होतं. मी त्यांच्याकडे पाहून हसलो. त्यांनी उजवा हात हळूच कपाळाला लावला.

गाव संपलं तरी मागून पावलं वाजत होती. वळून पाहिलं तर दहा-बारा माणसं खाली मान घालून येत होती. मी शेजारच्या काकांना विचारलं, "काका, तुमी कुठं?"

"तू नको बोलू बापू. समोर पाह्यून चाल."

मी समोर पाहून चालू लागलो. का, ते कळलं नाही.

काठावर आम्ही मांजरपाट सोडला. खालून होडी निघाली. माणसं वाकून पाहू लागली. मग काकांनी विचारलं, "मास्तर जिते आहेत ना रे?" तेव्हा कुठे मला माझ्या हातातलं मडकं दिसलं.

तेवढ्यात आई आली, पायात चप्पल नाही. तिनं सांगितलं, घरी बाबा खाटेवर दक्षिणेकडे पाय करून, अंगठे जुळवून आडवे झाले होते. तिनं चहा नेला तर म्हणाले, पोरानं मले आत्ताच नेलं ना, चहा कोणाले देतं? डॉक्टरनं आधीच बजावलं होतं, यांचं खाणंपिणं सुटलं तर आमच्या हातात काही नाही.

"ते जे काय आहे ते वापस आण," आई म्हणाली. "त्याइच्या डोळ्यासमोरून आण. नेलेलं माणूस वापस येत नाई, एवढं त्याइले अजून समजते."

मी वळलो तर होडी काठावर नव्हती. वारा चांगला सुटला म्हणून पोरांनी शीड चढवून आमच्यातल्या सर्वांत हलक्याला बसवून ती ढकलली होती. दोन्ही सांधे उघडेच. मी ओरडलो, तोंडाला येतील त्या शिव्या घातल्या. पण खरं सांगतो, होडी सुरेख चालली होती. चार महिन्यांच्या खटपटीनंतर मी पहिल्यांदा तिला पाण्यावर जाताना पाहिलं, आणि ती जाऊ नये असं मला वाटत होतं. बरीच आत गेल्यावर तिचा वेग कमी झाला. आवाज काही झाला नाही. होडी खाली गेली, शीड थोडा वेळ पाण्यावर तसंच पांढरं उभं राहिलं, मग तेही गेलं. आम्ही चौघांनी उड्या टाकून आतल्या पोराला ओढून आणलं.

परतताना पाचही जण ओलेचिंब, खांदे रिकामे. गल्लीच्या तोंडाशी एक काकू पाण्याचा तांब्या आणि कडुनिंबाचा डहाळा घेऊन उभी होती, मसणातून आलेल्या माणसांसाठी असतात तसे. तिच्यापर्यंत खरी बातमी पोचली नव्हती. तिला समजावण्याचं त्राण माझ्यात नव्हतं. पायावर पाणी घेतलं, पान चावलं आणि घरात गेलो.

बाबांनी मला ओल्या कपड्यात पाहिलं. मी खाटेशी बसलो. "बाबा, ते होडी होती. बुडली. तुमाले काईच झालं नाई."

"मंग तू काऊन रडून राह्यला?"

"रडून नाई राह्यलो. धरणाचं पाणी आहे."

त्यांनी उजव्या हातानं माझं तोंड पुसलं. शाळेत एखाद्या पोराचा बाप गेला की ते त्याच्याशी एका वेगळ्या आवाजात बोलत. त्याच आवाजात म्हणाले, "सावर. आता आईकडे तूच पाह्यजो."

मग मी खरोखर रडलो. त्यांनी मला पुरतं रडू दिलं. चहा मात्र घेतला नाही, ना त्या दिवशी, ना दुसऱ्या दिवशी.