मामाचे बाबा झाले तेव्हा

माझ्या चार वर्षांच्या लेकीच्या नाकामागची गाठ वाढली आणि तिच्या तोंडचा 'म' नाहीसा झाला. बंद नाकामुळे प्रत्येक 'म'चा 'ब' होई. दर रविवारी माझा धाकटा भाऊ आमच्या लालबागच्या चाळीत शिरला, की ती गॅलरीतून आनंदाने ओरडे, "बाबा आला! बाबा आला!" तिचे खरे बाबा त्या वेळी शेजारीच टॉवेल वाळत घालत असत.

"रेशनकार्डावर आता दोघांचीही नावं घाला," समोरच्या काकू म्हणाल्या.

मला मात्र हसू येईना. गाठ काढावी लागली तर, या ऑपरेशनच्या नुसत्या विचाराने माझा हात तिच्या इवल्या गळ्याकडे जाई. डॉक्टरबाईंनी तिचे कान तपासले, झोपेचे विचारले. "ऐकू नीट येतंय, झोपेत श्वास अडत नाही. ही गाठ वयाबरोबर आक्रसतेही. तीन महिने नाकात औषधाचा फवारा मारू, मग ठरवू."

त्या तीन महिन्यांत अख्खा मजला परीक्षक झाला. जिन्यात कोणीही तिला अडवून म्हणे, "म्हण बघू, मामा." ती गंभीरपणे उत्तर देई, "बाबा."

आणि एका रविवारी, भाजत्या मिरच्यांच्या ठसक्यातून हाक आली, "मामा आला!" घंटा थांबल्यावर देवळात उरणाऱ्या नादासारखा तो 'म' घुमला. पुढे डॉक्टरबाईंनीही तपासून सांगितले, ऑपरेशन नको.

भाऊ मात्र त्या रविवारी दारातच खट्टू झाला. "अगं, इतक्या लवकर पदावरून काढलंस मला?"